केळं संपून चहा लागताना

मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. वर्षाचा मसाला करून घ्यायला अर्ध्या मुंबईतल्या बायका पिशव्या घेऊन उतरलेल्या असतात. गाळ्यागाळ्यात डंखाची लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात, आणि तिखटाचा खकाणा नाकात जाऊन येणारा-जाणारा शिंकत असतो. आनंदा परबाचं कांडप गल्लीच्या टोकाला होतं. पुढे डंख, मागे अंगणाकडे खिडकी असलेली एक खोली, आणि त्या खोलीत धातू कातायचा एक जुना लेथ.

हा लेथ आनंदाच्या वडिलांनी एका बंद पडलेल्या गिरणीतून उचलून आणलेला. डंखाचे बुश, म्हणजे आत बसणाऱ्या आणि झिजणाऱ्या धातूच्या नळ्या, घरच्या घरी करायचे असा त्यांचा बेत होता. ते गेले, बेत राहिला, आणि लेथवर मिरच्यांची पोती रचली जाऊ लागली. मग एका उन्हाळ्यात गिरगावातून अच्युत आगासकर नावाचा विम्याच्या कचेरीतला कारकून बायकोबरोबर मसाला कुटून घ्यायला आला. पोत्यांच्या फटीतून त्याला लेथचा चक, काम पकडून फिरवणारा जबडा, दिसला. बायकोने धणे-मिरची कुटून घेईपर्यंत या गृहस्थाने शर्टाच्या बाह्या वर करून सगळी पोती भिंतीला लावली होती आणि आनंदाला विचारलं होतं, "हे चालतं का हो?"

"आजोबाच्या वयाचं आहे ते. तुम्ही चालवलंत तर चालेल."

तेव्हापासून अच्युतरावांचा प्रत्येक रविवार तिथे गेला. डंखाचे बुश ते करून देत, आनंदा खोली देई, आणि दोघं एकमेकांना शिव्या देत. मैत्री म्हणतात ती अशीच होते.

अच्युतराव लेथवर काय करत? खरं तर बहुतेक वेळ ते हत्यारंच करत. एखादी वस्तू करायची म्हटली की तिला लागणारं हत्यार बाजारात नसे, किंवा असलं तरी ते स्वतः करण्यातच त्यांना गोडी. त्यांची बायको, उर्मिलाबाई, म्हणत, "यांना भाजी करायला सांगा, हे आधी विळी घडवायला बसतील."

पोलादाचं हत्यार घडवलं की त्याला पाणी द्यावं लागतं. लाल तापवून तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच ठिसूळ. मग घासून चकचकीत करायचं, तव्यातल्या गरम वाळूत ठेवायचं आणि थोडं पाणी उतरवायचं. तापता तापता त्या चकाकीवर रंग चढतात. आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. हवा तो रंग आला की त्या क्षणी पाण्यात. अलीकडे थांबलं तर हत्यार तडकतं, पलीकडे गेलं तर मऊ पडतं. हे सगळं अच्युतरावांना पाठ होतं. फक्त ते रंग त्यांना दिसत नव्हते.

तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात त्यांची निवड झाली होती. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, त्या ठिपक्यांत दडलेला आकडा सगळ्या मुलांना दिसला, यांना नाही. कारखाना हुकला आणि कचेरी नशिबी आली. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. पण मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी तिला बरोबर घेऊन आले, तव्यासमोर स्टुलावर उभी केली आणि म्हणाले, "मधू, याचा रंग बदलायला लागला की मला सांगायचं."

"कुठला रंग आला ते कसं सांगू?"

"तुला वाटेल तसं सांग."

म्हणून त्या रंगांची नावं मधुराने ठेवली. पिकलं केळं. कोरा चहा. वांगं. मोर. पुढे अच्युतरावही त्याच भाषेत बोलू लागले. रंधा केळ्यावर काढायचा, टॅप केळं संपून चहा लागताना, छिन्नी वांग्यावर, स्प्रिंग मोरावर. आनंदा म्हणे, "अरे आगासकर, हा कारखाना आहे की भाजी मार्केट?"

आता मधुरा पंचेचाळिशीची होती. नवऱ्याबरोबर दादरला राहत होती, एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि पाणी उतरवायचं असेल त्या रविवारी आजही येत होती. पिशवीत एखादं पुस्तक असे. वडील लेथवर काम करत तेव्हा ती खिडकीशी वाचत बसे, तव्याची वेळ झाली की पुस्तक मिटून उठे. नातेवाईक म्हणत, पोरगी बापासाठी सुट्टीचा दिवस देते, हल्ली कोण देतं? मधुरा विषय बदले. काम झालं की अच्युतराव कचेरीतल्या सहकाऱ्याला म्हणावं तसं म्हणत, "थँक्यू हं, मधू." ती म्हणे, "हं."

मे महिन्यातल्या त्या रविवारी टॅप तयार झाला होता. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. आणि हे सगळं चाललं होतं एका सोऱ्यासाठी. उर्मिलाबाईंच्या आजीचा पितळी सोऱ्या, त्याच्या झाकणातले आटे झिजून गेले होते. गेल्या दिवाळीत चकली पाडताना आट्यांचा दांडा सटकला आणि सगळं पीठ वरून बाहेर आलं. कुणीही म्हणालं असतं तसं उर्मिलाबाई म्हणाल्या, "तांबा काट्याला भांडीवाल्यांकडे जाऊन नवा आणा."

अच्युतरावांनी झाकण हातात धरून फिरवून फिरवून पाहिलं. झाकणात नवा बुश बसवायचा आणि त्यात दांड्याला जुळणारे आटे पाडायचे, एवढंच काम होतं. पण दांडा कुणा जुन्या तांबटाने हाताने केलेला. त्याच्या आट्यांचं माप ना इंचात बसे ना मिलिमीटरमध्ये. असा टॅप जगात कुठेच मिळणार नव्हता. हे कळल्यावर त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला.

नागदेवीच्या हत्यारबाजारातून टूल स्टीलची कांडी आली. लेथचे गिअर काढून, लावून, पुन्हा काढून तांबटाच्या त्या मनमानी मापाशी जुळवण्यात पावसाळ्याआधीचे सगळे रविवार गेले. चौकोनी आटे कोरायला अरुंद तोंडाचं हत्यार हवं होतं, म्हणून जुन्या कानशीचा तुकडा घासून तेही केलं. पहिला टॅप शेवटच्या आट्याला बिघडला. दुसरा जमला. टोकाशी अर्धेमुर्धे, मागे जाता जाता पूर्ण होणारे दात, आणि लांबीभर तीन खोल खाचा. मधुराने हातात घेतला तेव्हा तिला तो एखाद्या दागिन्यासारखा वाटला. ती म्हणाली, "छान झालाय."

सकाळी गिरगावातून निघताना उर्मिलाबाईंनी दारातच गाठलं होतं. "सोऱ्या कधी मिळणार?"

"आज पाणी दिलं की पुढच्या आठवड्यात," अच्युतराव म्हणाले.

"माणसं चंद्रावर राहायला जातील आणि तिथून मला चकल्या पाठवतील, तोवर व्हायचा नाही तुमचा सोऱ्या."

"चंद्रावर तेल उसळत नाही गं. तळणार कशा?"

"जा आता, बस जाईल."

कांडपावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गॅसची बत्ती आनंदाने धरायची असं ठरलेलं, पण त्याला पुढून दर दोन मिनिटांनी हाक येई. तो बत्ती ठेवून जाई, परत येई, "बायका आहेत की सैन्य" म्हणे, बत्ती पेटवी, पुन्हा हाक येई. टॅप अर्धा लाल होऊन पुन्हा काळा पडे. अच्युतराव दोऱ्याला लोहचुंबक बांधून वाट पाहत उभे. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक त्याला चिकटत नाही, ही त्यांची खूण. त्या खुणेला रंग दिसावा लागत नाही. शेवटी चंपाकाकी, आनंदाची बायको, डंखावर उभी राहिली तेव्हा आनंदाला मोकळा वेळ मिळाला. चुंबक टॅपला शिवलं आणि सुटलं. "टाक!" अच्युतराव ओरडले. तेलाच्या डब्यात चर्रर्र झालं आणि खोलीभर वास सुटला. त्या डब्यातलं तेल उर्मिलाबाईंच्या तळणीतलं उरलेलं असे. त्यामुळे अच्युतरावांच्या प्रत्येक हत्याराला बोंबलाचा वास येई.

त्यांनी कानस घेऊन टॅपवर घासली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. "झकास. कडक झालाय."

पण तोवर ऊन अंगणातून निघून गेलं होतं. अच्युतरावांनी टॅप घासून लख्ख केला, खिडकीशी धरला, मधुराकडे पाहिलं.

"दिसेल का गं?"

"ट्यूबलाइटखाली नको. पिवळा आणि तपकिरी सारखेच दिसतात."

"मग पुढच्या रविवारी." त्यांनी टॅपवर तेल चोपडलं आणि फडक्यात गुंडाळला. "असं अर्धवट ठेवू नये खरं तर. कडक पोलाद आपोआपही तडकतं. पण आठवडाभर राहील."

बस येईपर्यंत दोघं फुटपाथवर उभे होते. अच्युतराव शिंकले, रुमालाने नाक पुसलं, म्हणाले, "काय वाचतेयस हल्ली?" तिने सांगितलं. "शेवट काय आहे?" "अजून नाही आला." "आला की सांग." बस आली. ते चढले, खिडकीतून हात हलवला. तो हात तेलकट होता, हे तिला आठवतं.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "येताना बारीक पॉलिश पेपर आण गं मधू. चारशे नंबरचा. आनंदाकडचा संपला." बरं म्हणून तिने ठेवला. बुधवारी सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर खाली बसले ते उठले नाहीत.

लोक पुष्कळ आले. आनंदा आणि चंपाकाकी सगळ्यात आधी आले आणि सगळ्यात शेवटी गेले. आनंदाने चहाची भांडी घासली, चंपाकाकीने पेज करून उर्मिलाबाईंना बळेच प्यायला लावली. मधुराने पुस्तकांत अनेक माणसांची मरणं वाचली होती. त्यांतली माणसं जाताना काही ना काही सांगून जात. बाबांनी पॉलिश पेपर आणायला सांगितला होता. तो तिने मंगळवारीच कॉलेजातून येताना घेतला होता. पुढे कित्येक महिने तो तिच्या पिशवीत घडी होऊन पडला होता आणि ती तो काढून ठेवत नव्हती.

लालबागला ती गेली नाही. जावंसं वाटे. मग वाटे, कशाला जायचं? रंग सांगायला कुणी लागतं, तसा ऐकायलाही कुणी लागतो.

नवरात्र संपलं आणि एका सकाळी आनंदाचा फोन आला.

"मधू, दिवाळीचं काय?"

"काका, यंदा आमच्याकडे नाही ना."

"ते माहीत आहे गो. वर्षाच्या आत तुमच्या घरी तळण नाही. म्हणूनच विचारतोय. चंपा म्हणते, वहिनींचा फराळ आमच्याकडून जाणार. पण ती म्हणते, चकली वहिनींच्याच सोऱ्याने पाडणार. तो सोऱ्या इथे उघडा पडलाय. बुश भोक पाडून तयार, टॅप फडक्यात. मी नवा सोऱ्या आणतो म्हटलं, तर ऐकायला तयार नाही." डंख बंद असावा, कारण आनंदाचा श्वासही ऐकू येत होता. "तव्यावर ठेवायचं मी करीन. बत्ती माझ्याच हातात असायची. रंगाचं मला कायपण कळत नाय. तुझ्या बापाला दिसत नव्हता, मला दिसतो पण कळत नाय."

मधुराने आईला विचारलं. उर्मिलाबाईंनी हातातलं निवडण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "एकच टॅप आहे ना?"

"एकच."

"आणि बिघडला तर?"

"तर नवा सोऱ्या."

"तसं नाही विचारत मी."

मधुराला ते कळलं होतं. बाबांनी हाताने केलेली ती शेवटची गोष्ट. तडकली किंवा मऊ पडली, तर पुन्हा करणारं कुणी नव्हतं. फडक्यात ठेवली असती तर ती तशीच सुंदर राहिली असती, पण मग तिने कधीच आटे पाडले नसते.

"जा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "कपाटात ठेवायला नव्हता केला त्यांनी."

रविवारी मधुरा सकाळीच गेली. ऊन खिडकीतून थेट तव्यावर पडत होतं. मसाल्याचे दिवस नव्हते, डंख अधूनमधून चाले. आनंदाने वाळू आधीच चाळून तव्यात ओतली होती. लेथ पुसलेला होता, त्याला झेंडूची सुकलेली माळ होती. तिने मान फिरवली आणि फडकं उघडलं. टॅप तडकला नव्हता. तिने तो उन्हात धरून खाचाखाचांतून पाहिला. जुन्या झालेल्या तेलाने तो पिवळट, मळकट दिसत होता, पण बारीकशी रेघही नव्हती. "राहिला बघ," आनंदा म्हणाला, जणू टॅपने हट्टाने वाट पाहिली होती.

त्याने वरवर तेल पुसून चिमट्याने टॅप वाळूवर ठेवला, हळूहळू लोळवू लागला. मधुरा जवळ वाकली. आणि एवढ्यात, फारच लवकर, टॅपच्या दातांशी पिवळं दिसू लागलं.

"केळं," ती म्हणाली. "काका, केळं आलं." पिवळ्याचं बघता बघता तपकिरी होऊ लागलं. "चहा! काढा!"

आनंदाने टॅप उचलला, पाण्याच्या बादलीकडे वळला, आणि मधुराने त्याचा दंड पकडला. "थांबा."

"काय थांबा? तूच म्हणालीस काढा!"

"टॅपचा दांडा पांढराच आहे." रंग नेहमी जाड भागाकडून सरकत, पट्ट्यापट्ट्याने येतो, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की ते माहीत असल्याचंही तिला माहीत नव्हतं. हा रंग नुसता खाचांत होता, आणि एका जागी बोटाच्या पेराएवढा गोल. तिने वाळूवर तळहात धरला. वाळू नीट तापलीही नव्हती. टॅप जरा निवल्यावर तिने खाचेत नख घातलं. नखाखाली पिवळी भुकटी आली. तिने ती हुंगली.

"काका, ही हळद आहे."

आनंदाने पुढच्या दाराकडे तोंड करून आवाज टाकला, "चंपा! ए चंपा!"

चंपाकाकी पदराला हात पुसत आली. आनंदाने टॅप तिच्यापुढे नाचवला. "ह्या काय गो?"

"काय म्हणजे? खंडेनवमीला पूजा केली. भावोजी दरवर्षी करायचे ना लेथची? यंदा ते नाहीत म्हणून हत्यारं बिनपूजेची ठेवू?"

"अगो, लेथला लाव, पोपटपान्याला लाव! पोलादाला हळद? लगीन लावलंस की काय त्याचं?"

"ह्याचीच तर आधी केली," चंपाकाकी म्हणाली. तिला चुकीचा पत्ताच नव्हता. "भावोजींनी शेवटचा केलेला तो. तेल पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, मग परत तेल लावून गुंडाळला तस्सा. मला काय अक्कल नाही?" मग तिचा आवाज खाली आला. "बिघडला का गो, मधू?"

आणि मधुरा हसली. मे महिन्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती, आणि ते हसू थांबेना. मसाल्याच्या गल्लीत, जिथे भिंतींनाही हळदीचा वास येतो, तिथे करपणारी हळद नाकाला कळणार कशी होती? आणि तिच्या बापाचं हत्यार कुणीतरी हळद-कुंकू वाहून, फूल ठेवून जपलं होतं. तिने स्वतः महिनोन् महिने त्याला हातही लावला नव्हता. तिने चंपाकाकीचा हात धरला. "नाही हो काकी. काही नाही बिघडलं. एवढी पूजा झालेला टॅप मुंबईत दुसरा नसेल."

"तेच तर म्हणते मी," म्हणून चंपाकाकी आनंदाकडे एक नजर टाकून पुढे गेली.

मधुराने पिशवीतून चारशे नंबरचा पॉलिश पेपर काढला. घडीवर तो जरा मऊ पडला होता. त्याच्या पट्ट्या फाडून, काडीला गुंडाळून, ती आणि आनंदा एकेक खाच घासत बसले. हळद निघाली, कुंकवाचा एक हट्टी ठिपका निघाला, आणि पोलाद पुन्हा उघडं, पांढरं झालं. आनंदाने रॉकेलने पुसलं, मग कोरड्या फडक्याने, मग बनियनच्या टोकाने.

"आता बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला वाळू नीट तापायला वेळ लागला. टॅप लोळत राहिला. काहीच होईना. मधुराच्या मनात आलं, चुकलं तर? तिला एकदम जाणवलं की हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत या खोलीत कधी पडला नव्हता. आठ वर्षांची असतानाही नाही. ती म्हणे "आता", आणि बाबा हत्यार उचलत. त्यांनी कधी विचारलं नाही, नक्की ना? तिच्या सांगण्याची खात्री करून घ्यायचा त्यांच्यापाशी मार्गच नव्हता. कित्येक रविवारांचं काम त्यांनी एका मुलीच्या शब्दावर पाण्यात टाकलं होतं, आणि पाण्यात टाकताना त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. एवढा भरवसा तिच्यावर पुढे कुणीच ठेवला नाही, नवऱ्याने नाही, कॉलेजाने नाही, तिने स्वतःनेही नाही.

टॅपच्या दांड्यापाशी अगदी पुसट पिवळं आलं. ते सरकलं. मागून गडद होत गेलं.

"येतंय," ती म्हणाली. "केळं आलं. टोकाकडे घ्या जरा. पिकलं. फिरवा, फिरवा... पिवळं जातंय... चहा शिवतोय काका, अजून नाही, अजून नाही... आता."

आनंदाने विचारलं नाही. टॅप बादलीत गेला.

बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर कोऱ्या चहाचा, कपाच्या कडेला दिसतो तसा, फिकट तांबूस रंग होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. आनंदाने कानस हलकेच घासून पाहिली. या वेळी ती घसरली नाही, जराशी चावली. त्याने मान डोलावली.

सोऱ्याचा बुश लेथच्या चकमध्ये धरलेला होता. आनंदाने मोटर लावली नाही. "आगासकर हाताने फिरवायचा. पाऊण फेरी पुढे, पाव फेरी मागे. कीस तुटला पाहिजे." टॅप टेलस्टॉकवर, लेथच्या मागच्या टेकूवर, टेकवला, तेलाचे दोन थेंब टाकले. "धर तू चक. मी मागून ढकलतो."

मधुराने दोन्ही हातांनी चक धरला आणि ओढला. पितळ कुरकुरलं. पाऊण पुढे, पाव मागे. सोनेरी कीस खाचांतून बाहेर येऊ लागला. मध्यावर एकदा टॅप घट्ट अडला. आनंदा म्हणाला, "जोर करू नको. मागे घे. तेल." तिने मागे घेतला. पुन्हा पुढे. टॅप गेला. पूर्ण गेला, पलीकडून तोंड बाहेर काढलं.

आनंदाने बुश पुसला, सोऱ्याचा दांडा त्यात टेकवला आणि बोटाने टिचकी मारावी तसा फिरवला. दांडा आपल्याच घरात शिरावा तसा शिरला. कुठेही न अडखळता, आवाज न करता, तळापर्यंत.

"मायझया," आनंदा स्वतःशी म्हणाला आणि स्टुलावर बसला. त्याने बुश मांडीवर ठेवला. बराच वेळ तो त्यातून दांडा आत-बाहेर करत राहिला.

"मधू, तुला एक सांगू?"

"सांगा ना."

"त्याला एक गोष्ट फार लागायची. मला म्हणायचा, आनंदा, पोरीला सुट्टीची इकडे ओढून आणतो मी. नाही म्हणत नाही ती, पण कंटाळत असेल. माझे डोळे धड असते तर तिचे रविवार सुटले असते. मी म्हणायचो, अरे विचार तिला एकदा. तर म्हणायचा, कसं विचारू, ती चांगली आहे, खोटं बोलेल."

पुढे कुणी गिऱ्हाईक आलं असावं. डंख सुरू झाला, आणि आनंदा "आलो, आलो" करत उठला. जाताना त्याने बुश तिच्या हातात दिला.

मुसळांच्या धाडधाड आवाजात खोली हादरत होती. मधुरा खिडकीशी उभी राहिली. बुश अजून कोमट होता. इतक्या वर्षांत ती नुसतं "हं" म्हणाली होती. हातात पुस्तक धरलं होतं, आणि त्यातली कितीतरी पानं न वाचताच उलटली होती. कारण डोळा लेथकडे असे, पोलादावरून उलगडत येणाऱ्या त्या कुरळ्या धातूकडे, आणि ओठ मिटून वाकलेल्या त्या माणसाकडे. घरी, कॉलेजात, पुस्तकांत, कुठेच ती अशी नुसती बसून सुखात असे असं तिला आठवेना. आणि त्यांना वाटत राहिलं की हे सगळं ती त्यांना देते आहे.

डंखाच्या आवाजावर आवाज चढवून, गल्लीत सगळे बोलतात तसं, ती ओरडून म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासाठी नव्हते येत. मला आवडायचं इथे. माझ्यासाठी यायचे मी."